संगणकाची दोन दारं: केबल आणि वाय-फाय

रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळात आमच्या कॉम्प्युटर लॅबमधून घरी व्हिडिओ कॉल करता येतो. कॅडेटला मोबाइल ठेवायची परवानगी नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदा घरच्यांचे चेहरे दिसतात ते इथेच. वहीत नाव लिहायचं, पंधरा मिनिटं मिळतात, पुढचा कॅडेट दारात उभाच असतो. त्यातली सहा मिनिटं "आवाज येतोय का?", "मी दिसतोय का?" यात गेली तर ती परत मिळत नाहीत.

आमच्या हाऊसमध्ये सहावीतला एक ज्युनियर आहे, सातारा जिल्ह्यातला. नियमाने तो मला "सर" म्हणतो, पण मराठीत बोलायला लागला की आपोआप "दादा" होतं. मागच्या टर्ममध्ये कॉल चालू असताना तो वळून म्हणाला, "दादा, आजी हलेना." पडद्यावर आजीचा हात आशीर्वादासाठी अर्धा वर आलेला आणि तिथेच थांबलेला. त्याच्या संगणकाला केबल लावलेली होती. पण केबलच्या टोकाला जी छोटी प्लास्टिकची क्लिप असते ती तुटली होती, म्हणून जॅक खाचेतून किंचित सरकला होता. संगणकाने कुणाला न विचारता केबल सोडून वाय-फाय धरलं होतं, आणि त्या वाय-फायवर त्या वेळी अर्धी शाळा होती. जॅक आत दाबून धरला आणि आजी हलली.

कॉम्प्युटर क्लबचा कॅडेट म्हणून रविवारी मी लॅबमध्ये मदतीला असतो. "नेट नाही" ही एकच तक्रार मी दिवसभर ऐकतो, पण तिच्या पोटात किमान चार वेगवेगळे आजार असतात. ते ओळखायचे असतील तर एक गोष्ट आधी डोक्यात बसली पाहिजे: संगणकाला बाहेर जायला दोन दारं आहेत, ती दोन्ही एकसारखी नाहीत, आणि कोणत्या दाराने जायचं हे बहुतेक वेळा आपण ठरवत नाही, संगणक ठरवतो.

आधी दारांचा स्वभाव. आम्हाला एनसीसीत वायरलेस शिकवणारे उस्ताद सिग्नल्सचे आहेत. वॉकी-टॉकीवर बोलताना बटण दाबायचं, बोलायचं, "ओव्हर" म्हणायचं, बटण सोडायचं, मग समोरचा बोलणार. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं. टेलिफोनवर असं काही करावं लागत नाही. आई बोलत असतानाच आपण "हो, हो, खाल्लं" म्हणू शकतो. वाय-फाय म्हणजे वॉकी-टॉकी आणि केबल म्हणजे टेलिफोन, असं मी ज्युनियर्सना सांगतो. वाय-फायच्या एका चॅनलवर एका क्षणी एकच उपकरण बोलू शकतं. प्रत्येक उपकरण आधी कान देतं, हवा मोकळी आहे का बघतं, थोडा वेळ थांबतं आणि मग बोलतं. खोलीत तीन लॅपटॉप असतील तर हे थांबणं कळतही नाही. तीस असतील तर रांग लागते, मेसमध्ये पुरी-भाजीच्या दिवशी लागते तशी. वाढप तेवढंच, पण ताट हातात यायला वेळ. केबलवर मात्र प्रत्येक संगणकाची स्विचपर्यंत स्वतःची वेगळी वाट असते, आणि त्या वाटेवर जाणारे आणि येणारे एकमेकांना अडवत नाहीत.

गंमत म्हणजे केबलच्या या पद्धतीचं नाव "इथरनेट" हे हवेवरूनच आलं आहे. प्रकाशाच्या लहरी "ईथर" नावाच्या अदृश्य माध्यमातून जातात असं जुने शास्त्रज्ञ समजत. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये एक टिपण लिहिलं आणि त्यात हे नाव वापरलं. त्यांनी ज्या जाळ्याचा अभ्यास केला होता ते होतं हवाई विद्यापीठाचं अलोहानेट, म्हणजे बेटाबेटांना रेडिओने जोडणारं जाळं. त्यामुळे "वाय-फाय आधुनिक आणि केबल जुनाट" असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. संगणकांना हवेतून जोडणं आधी आलं, केबल त्यातून शिकली. वाय-फायचं मूळ प्रमाण १९९७ मध्ये आलं आणि त्याचा वेग तेव्हा सेकंदाला फक्त २ मेगाबिट होता.

आता हवेच्या अडचणी. आमची इमारत जुनी, दगडी, भिंती हातभर जाड. रेडिओलहरी भिंतीतून जातात हे आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये दाखवून दिलं होतं; लहरींनी पलीकडची घंटा वाजली आणि बंदुकीची दारूही पेटली. पण जातात म्हणजे पूर्ण ताकदीने जातात असं नाही. वाय-फायची ताकद डीबीएम या एककात मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत कॉल नीट चालतो, उणे ७५ ला आवाज तुटायला लागतो, उणे ८५ ला नाव दिसतं पण काम होत नाही. दर १० ने खाली गेलं की ताकद दहापटीने कमी होते, हे लक्षात ठेवलं पाहिजे. पडद्यावरच्या चार कमानी हे सांगत नाहीत. कमानी म्हणजे परीक्षेतल्या ग्रेडसारख्या, नेमके मार्क कळत नाहीत.

दगडापेक्षा वाईट म्हणजे लोखंड. डॉर्मिटरीत एका ओळीत उभी असलेली स्टीलची लॉकर्स वाय-फायला अक्षरशः भिंतीसारखी अडवतात, कारण धातू लहरी परतवून लावतो. आमच्या हाऊसमध्ये ॲक्सेस पॉइंट पूर्वी लॉकर्सच्या मागे, सॉकेटजवळ होता, म्हणजे प्लगला सोयीचा आणि कॅडेटला गैरसोयीचा. तो उचलून व्हरांड्याच्या छताजवळ लावला तेव्हा शेवटच्या पलंगापर्यंत सिग्नल आला. एक रुपयाही खर्च झाला नाही, फक्त एक शिडी लागली.

दुसरी अडचण गर्दीची. वाय-फायचे मुख्य दोन पट्टे आहेत, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ चा पट्टा लांब जातो, भिंतीतून बरा जातो, पण तो अरुंद आहे. त्यात चॅनल बरीच असली तरी एकमेकांच्या अंगावर न येणारी तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या तीन राउटरांनी तीन, चार आणि पाच अशी चॅनल घेतली तर सगळेच एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, म्हणून घरी कुणी दूध गरम करायला ठेवलं की कॉल अडखळतो, ही तक्रार खोटी नसते. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर. भारतात त्यातला मोठा भाग २०१८ मध्ये परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. पण तो भिंतीला लवकर दमतो. माझं मत असं, की राउटर त्याच खोलीत असेल तर ५, दोन भिंती मध्ये असतील तर २.४, आणि केबल पोचत असेल तर दोन्ही नको.

केबलच्या आत डोकावलं तर आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढरे पट्टे असलेली जोडीदार. जोड्यांना पीळ असतो तो शोभेसाठी नाही. बाहेरून येणारा विजेचा त्रास दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला दोघींतला फरक घेतला की तो त्रास वजा होऊन जातो. क्लबमध्ये जॅक लावायला शिकताना क्रम पाठ करावा लागतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कवायतीच्या शब्दांसारखा तो तोंडात बसतो. यात एक खोच आहे. १०० मेगाबिटच्या जोडणीला यातल्या दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. १ गिगाबिटला चारही लागतात. म्हणून निळी किंवा तपकिरी तार आत तुटली तर नेट बंद पडत नाही, वेग कधी कधी चुपचाप दहापट खाली उतरतो. संगणक जोडणीच्या माहितीत "१०० एमबीपीएस" दाखवत असेल आणि शेजारचा "१००० एमबीपीएस", तर संगणकाला दोष देण्याआधी केबल बदलून बघा.

अशी केबल स्विचपासून १०० मीटरपर्यंतच भरवशाची. आमचं ग्रंथालय लॅबपासून त्याहून लांब आहे, तिथे फायबर टाकलेली आहे. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची केबल ओढणं मला तर धोक्याचंच वाटतं. पावसाळ्यात जवळ कुठे वीज पडली तर त्या तारेतून झटका आत येऊन स्विच जळू शकतो. फायबर काचेची असते, तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही.

आता मुख्य प्रश्न: दोन्ही दारं उघडी असताना संगणक कुठल्या दाराने जातो?

प्रत्येक वाटेला तो मनाशी एक आकडा देतो, त्याला मेट्रिक म्हणतात. आकडा जितका लहान तितकी ती वाट आवडीची. आमच्या लॅबमध्ये अर्ध्या संगणकांवर विंडोज आहे आणि अर्ध्यांवर उबंटू. उबंटूत हे काम नेटवर्कमॅनेजर नावाचा प्रोग्राम करतो. तो रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये सुरू केला. त्याचा सरळ हिशेब असा की केबलला १००, वाय-फायला ६००. म्हणजे केबल चालू असेल तर केबलच. विंडोज वेगावरून आकडा ठरवतो, पण निकाल सहसा तोच लागतो. म्हणून केबल लावल्यावर वाय-फाय बंद करायची गरज नसते, तो आपसूक मागे होतो. मात्र केबल निसटली की तो तितक्याच आपसूक पुढे येतो, आणि ही सोय आहे तशी फसवणूकही आहे. आजीच्या कॉलच्या वेळी हेच झालं होतं. म्हणून रविवारी दोन वाजता, पहिला कॉल लागण्याआधी, मी सगळ्या संगणकांचं वाय-फाय बंद करतो. मग केबल सैल असेल तर संगणक लपवत नाही, सरळ "जोडणी नाही" म्हणतो. लपलेल्या दोषापेक्षा उघडा दोष बरा, तो एका मिनिटात दुरुस्त होतो.

चार आजारांकडे येतो. "नेट नाही" असं कुणी म्हटलं की मी क्रमाने चार गोष्टी बघतो आणि क्रम मोडत नाही.

पहिली, जोडणी आहे का? केबल असेल तर खाचेजवळचा बारीक दिवा लागतो, नाही लागला तर पुढचं काही बघण्यात अर्थ नाही. वाय-फाय असेल तर विमान मोड चालू नाही ना, किंवा कीबोर्डवरची वाय-फायची कळ चुकून दाबली गेली नाही ना.

दुसरी, पत्ता मिळाला का? नवीन कॅडेट शाळेत आला की हाऊसमध्ये त्याला पलंगाचा नंबर मिळतो, तसा जाळ्यात आलेल्या प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता मिळतो. तो वाटणाऱ्या सेवेला डीएचसीपी म्हणतात. विंडोजमध्ये काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की पत्ता दिसतो. तो १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा ठीक आहे. पण १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजायचं की पत्ता मागितला, कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून संगणकाने स्वतःच एक पत्ता लावून घेतला. पलंगाचा नंबर न मिळालेल्या कॅडेटने व्हरांड्यात अंथरूण टाकावं तसं. झोप लागेल, पण रोल कॉलमध्ये नाव नसेल. हा आकडा ओळखता आला तरी अर्धा तास वाचतो.

तिसरी, गेटपर्यंत जाता येतं का? शाळेतून बाहेर पडायला मेन गेट एकच, तसं जाळ्यातून बाहेर जायला गेटवे एकच, घरी तो म्हणजे राउटर. आयपीकॉन्फिगमध्येच त्याचा पत्ता असतो. त्याला पिंग करायचं, म्हणजे "आहेस का?" विचारायचं, आणि उत्तर किती वेळात येतं ते बघायचं. मी लॅबमध्ये बघितलं तेव्हा केबलवर एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर येत होतं, आणि त्याच खोलीतून वाय-फायवर कधी तीन, कधी चाळीस, मध्येच एखादं दोनशेच्या वर. कॉलमध्ये माणूस "अडकतो" तो या उड्यांमुळे. एका व्हिडिओ कॉलला सेकंदाला एक-दोन मेगाबिट पुरतात, म्हणजे वेग फार लागत नाही, लागते ती नियमितता. कदम ताल लयीत असेल तर हळू चाललं तरी परेड सुरेख दिसते.

चौथी, नावं कळतात का? आपण वेबसाइटचं नाव टाइप करतो, पण संगणकाला आकडा लागतो. नावावरून आकडा सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. ८.८.८.८ ला पिंग केलं तर उत्तर येतं, पण एकही साइट नावाने उघडत नाही, असं असेल तर वाट ठीक आहे, फक्त नावांची यादी हरवली आहे.

या चौघांत न बसणारा एक पाचवा पाहुणाही अधूनमधून येतो. सगळं ठीक, तरी साइट म्हणते की जोडणी सुरक्षित नाही. तेव्हा उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या संगणकातला नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते आणि साइटची प्रमाणपत्रं संगणकाला चुकीच्या काळातली वाटतात. तारीख दुरुस्त केली की नेट "चालू" होतं. ज्युनियर्सना ही जादू वाटते. मी त्यांना कारण जरा उशिरा सांगतो.

दोन दारांबद्दल अजून एक गोष्ट पुष्कळ जणांना माहीत नसते. प्रत्येक दाराचा स्वतःचा ४८ बिटांचा हार्डवेअर पत्ता असतो, मॅक पत्ता. केबलचा वेगळा, वाय-फायचा वेगळा, जरी संगणक एकच असला तरी. शाळा किंवा ऑफिस जेव्हा ओळखीच्या उपकरणांनाच आत घेतं तेव्हा हा पत्ता नोंदवतं. म्हणून एकच लॅपटॉप केबलवर चालतो आणि वाय-फायवर नाकारला जातो, असं होऊ शकतं. त्यातून आजकाल फोन आणि विंडोजही वाय-फायसाठी बनावट, बदलता मॅक पत्ता वापरू शकतात. अनोळखी ठिकाणी आपला माग लागू नये म्हणून ही सोय चांगली आहे. ओळखीच्या जाळ्यात मात्र त्या एका जाळ्यापुरती ती बंद करावी लागते.

इथपर्यंत सोयीचं झालं. दोन्ही दारं एकदम उघडी ठेवण्यात धोकाही आहे, आणि तो आपल्यासारख्यांनी तरी समजून घेतला पाहिजे.

समजा एखाद्या कार्यालयाचं आतलं जाळं इंटरनेटपासून मुद्दाम तोडून ठेवलं आहे. संगणकाला केबल आहे, ती फक्त आत जाते. कुणीतरी क्रिकेटचा स्कोअर बघायला त्याच संगणकाचं वाय-फाय स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडतं, किंवा चार्ज करायला म्हणून फोन यूएसबीला लावतं आणि टेदरिंग चालू असतं. आता त्या संगणकाचा एक पाय आत आणि एक पाय बाहेर. संगणक स्वतःहून बाहेरचं आत ढकलत नाही हे खरं. पण त्यावर एखादा घातक प्रोग्राम शिरला तर त्याला फायरवॉल ओलांडावीच लागत नाही, तो मागच्या दाराने आला आहे. विंडोजमध्ये दोन जोडण्या एकत्र निवडल्या की "ब्रिज कनेक्शन्स" असा पर्याय दिसतो. त्याचं नावच सांगतं तो काय करतो. कुतूहलाने त्यावर क्लिक करू नये. गडाला भक्कम तट बांधून चोरदिंडी उघडी ठेवण्यासारखं ते आहे.

उघड्या वाय-फायचं उदाहरण आपल्या मुंबईजवळचंच आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल गेला होता. तपास यंत्रणांनी आयपी पत्त्यावरून माग काढला तेव्हा तो नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायपर्यंत पोचला. ते वाय-फाय सुरक्षित नव्हतं. बाहेरच्या कुणीतरी ते वापरलं होतं. घरातल्या माणसाला मात्र चौकशीला सामोरं जावं लागलं. लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत, जिन्यात आणि रस्त्यावरही जातात. केबल वापरायची तर माणसाला निदान घरात यावं लागतं.

भारतीय सैन्याच्या सिग्नल्स कोरचं ब्रीदवाक्य "तीव्र चौकस" आहे. उस्ताद सांगतात, तीव्र आधी लिहिलंय म्हणून चौकस विसरायचं नाही. लाइन आणि रेडिओ यांत निवड करताना ते पहिला प्रश्न "कुणी ऐकेल का?" हाच विचारतात. वेगाचा प्रश्न नंतर.

सुट्टीत घरी जाणाऱ्यांसाठी आणि हा अंक वाचणाऱ्या आई-बाबांसाठी आता थोडं.

घरच्या राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ वर असावी. डब्ल्यूईपी दिसलं तर ते २००१ पासूनच तुटलेलं कुलूप आहे. राउटरचा जो दुसरा पासवर्ड असतो, सेटिंग्ज बदलण्याचा, तो कारखान्यातून आलेलाच ठेवू नका.

प्रवासात आपण बरेच जण रेल्वे स्थानकावर मोफत वाय-फाय वापरतो. ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली. तिथे जोडलं गेलं तरी लगेच काही उघडत नाही, आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं पान येतं. ते पान आपोआप आलं नाही तर ब्राउझर उघडून बघा. जोडणी बिघडलेली नाही, फाटकावर थांबवलेली आहे. स्थानकावर गाड्यांच्या वेळा बघा, बँकेचं काम करू नका. त्याच नावाचं खोटं वाय-फाय कुणीही फोनवरून सुरू करू शकतो, आणि आपला फोन नाव ओळखीचं दिसलं की आनंदाने जोडला जातो. म्हणून घरी पोचल्यावर ते नाव "फॉरगेट" करा.

घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवत असाल तर विंडोजमध्ये त्या जोडणीला "मीटर्ड" अशी खूण करा. नाहीतर विंडोजला ते साधं वाय-फाय वाटतं आणि बाबांचा दिवसाचा डेटा अपडेट उतरवण्यात संपतो. शाळेत कुणी तुमच्या लॅपटॉपवर पत्ता हाताने घातला असेल तर घरी जाण्याआधी तो पुन्हा "आपोआप" वर आणा. उबंटूत याहून चांगली सोय आहे: शाळेसाठी एक प्रोफाइल, घरासाठी दुसरं, जागा बदलली की फक्त प्रोफाइल बदलायचं.

आणि रविवारच्या कॉलसाठी एक विनंती. दुसऱ्या टोकाला तुम्ही वाय-फायवर असाल तर आमची केबल अर्धंच काम करते. राउटरपासून टेबलापर्यंत पाच-दहा मीटर केबल बाजारात सहज मिळते. घेताना तिच्या अंगावर छापलेलं वाचा: कॅट ५ई किंवा कॅट ६ असावं, आणि सीसीए अशी अक्षरं असतील तर ती ठेवून दुसरी मागा. सीसीएमध्ये आत ॲल्युमिनियम असतं, तांबं नुसतं वरून चढवलेलं, आणि अशी तार दोन-चार वेळा वाकवली की आतल्या आत तुटते.